दोन खांब बाकी

१० जानेवारी

छोटे,

आजच्या पेपरात त्या नगराध्यक्षाचा फोटो आहे. नव्या पुलाच्या नवव्या खांबाला टेकून उभा आहे, जसा काही खांबच त्याच्या आधारानं उभा आहे. खाली छापलंय, 'माझ्या स्वप्नातला पूल'. आणि एप्रिलच्या निवडणुकीनंतर पुलाला नावही त्याचंच द्यायचं म्हणे.

सात वर्षांपूर्वीचा पूलही त्याच्याच स्वप्नातला होता. निदान उद्घाटनाच्या दिवशी तरी. चौथ्या दिवशी तो कोसळला, सात माणसं गेली आणि संध्याकाळच्या आत तो पूल तुझ्या दादाचा झाला. 'इंजिनिअरने धोक्याची सूचना दिली नव्हती.' चौकशीच्या अहवालातलं हे वाक्य मला पाठ आहे.

सूचना दिली होती, छोटे. ह्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून ते पत्र लिहिलं, तेव्हा मी समोर भाजी निवडत होते. तिसऱ्या खांबावरचं काम अजून पक्कं झालेलं नाही, चाळीस दिवस अवजड गाड्या सोडू नका, असं स्वच्छ लिहिलं होतं. पण नगराध्यक्षांचा पन्नासावा वाढदिवस चाळीस दिवस थांबणार होता थोडाच! पत्र ह्यांनी आवक टपालाच्या ट्रेमध्ये ठेवलं. पोच मागितली नाही. 'आपल्याच ऑफिसात कसली पोच मागायची,' म्हणाले.

नंतरची दोन वर्षं हे जगले, त्याला जगणं म्हणायचं तर म्हण. नेहमीच्या न्हाव्याचा पुतण्या त्या सातांत होता. न्हावी एक शब्द बोलला नाही. केस कापले, टॉवेल झटकला, इतकंच. त्यानंतर हे तिथं गेले नाहीत. मीच कापायचे केस, वेडेवाकडे. तसेच घेऊन गेले.

मला ते पत्र हवंय. तू त्या आठवड्यात रजेवर होतीस, म्हणून तेव्हा तुझ्या हाती काही लागलं नाही. पण आता तू त्याच्या केबिनच्या दाराशी बसतेस. जुनी कपाटं, फायली, नोंदवह्या, सगळं तुझ्या हाताखालून जातं. निवडणुकीच्या आधी शोध. मला त्याचा काटा काढायचाय, आणि तोही चारचौघांत.

वहिनी


२३ जानेवारी

वहिनी,

पत्र पोचलं. पेन इतकं दाबलंत की मागच्या बाजूनंही वाचता आलं असतं.

त्या वर्षीच्या नोंदवह्या गोदामात आहेत आणि गोदामात वाळवी आहे. बघते, पण फार आशा धरू नका.

साहेब कसे आहेत, हे मला कुणी सांगायला नको. आपल्या टेबलासमोरच्या खुर्च्यांचे पाय त्यांनी दोन-दोन बोटं कापून घेतलेत, म्हणजे आलेला माणूस आपोआप खाली राहतो. टाळ्या कमी पडल्या तर माईकवाला शिव्या खातो. गेल्या महिन्यात नावाच्या पाटीतलं एक अक्षर जरा बारीक पडलं, तर रंगाऱ्याला तीनदा शिडीवर चढवलं. दादा त्यांना 'मीसाहेब' म्हणायचा ते काही उगाच नाही.

पण वहिनी, रोज सकाळी सहाला ते पुलाच्या कामावर हजर असतात, हेही खरं आहे. परवानगी अडली तेव्हा मंत्र्यांच्या दारात पाच तास उभे राहिले. मंत्री म्हणाले, उद्या या. हे म्हणाले, 'उद्या मी नाही येणार. उद्या माझ्या गावची दोन हजार माणसं येतील.' सही झाली. तीन वर्षांत नऊ खांब उभे राहिले, दोनच बाकी आहेत. त्यांना पूल हवाय तो नावासाठी, कबूल. पण हवाय.

आणि समोर उभे कोण, तर गुरुजी. देवमाणूस. अजून सायकलवरून फिरतात, शिपायालाही अहो-जाहो करतात. मागे वाचनालयाचं छत गळायला लागलं, तेव्हा गुरुजींनी समिती नेमली. समितीनं उपसमिती नेमली. पुस्तकं भिजून फुगली, अहवाल तेवढा कोरडा आला.

तुमच्या काठावरच्या दवाखान्यातून सगळे पेशंट नावेनं इकडं आणावे लागतात. पूल झाला तर कुणाचं भलं होणार आहे, ते तुम्हीच बघा. तेवढा होऊ द्या. मग काय करायचं ते करू.

छोटी


२ फेब्रुवारी

छोटे,

आधी तुझ्या पत्रातलं ते 'साहेब' आणि 'ते' काढ. माझ्या घरात त्याला अहो म्हणायची पद्धत नाही.

तू मला पुलाचं महत्त्व सांगतेस? गेल्या गुरुवारी एका बाळंतिणीला नावेत घातलं. सलाईनची बाटली लटकवायला नावेत खिळा नसतो, म्हणून पाऊण तास मी हात वर धरून उभी होते. नावाडी म्हणत होता, 'बाई, बसा, नाव कलेल.' बसले तर बाटली खाली येते. पोचलो. दर वेळी पोचतोच असं नाही. तेव्हा पूल कशाला लागतो, हे मला शिकवू नकोस.

दुभत्या गाईच्या लाथा गोड, असं म्हणणारी माणसं गोठ्याबाहेर उभी असतात. लाथ बसली ती माझ्या घरात. तू म्हणतेस, अहंकार आहे पण काम करतो. अगं, पहिला पूल पडला कशानं? कामानं की अहंकारानं? गव्हातले खडे काढून टाकावेत तसा त्याचा मीपणा वेगळा काढता आला असता, तर मीसुद्धा त्याला मत दिलं असतं.

सोमवारी मी त्याला भेटायला येतेय. पत्र माझ्याकडे आहे, अशी थाप ठोकून देणार. तुझ्याकडे मी बघणारही नाही. उगाच तुझ्यावर बालंट नको.

वहिनी


१३ फेब्रुवारी

वहिनी,

तुम्ही खरंच माझ्याकडे बघितलं नाहीत. पाण्याचा ग्लास मी ठेवला, तो तुम्ही माझ्या हाताकडेही न बघता उचललात. तासभर आत काय बोलणं झालं, मला माहीत नाही. पण तुम्ही गेलात आणि दहा मिनिटांत माझी बेल वाजली.

"बाई, दार लावा," ते म्हणाले. "तो कागद तुम्ही जाळला होता ना?"

"हो साहेब."

"नक्की?"

"नक्की."

ते हसले. "मग ती थाप मारत होती. जा तुम्ही."

आता तुम्हाला कळलंच असेल. मी रजेवर नव्हते, वहिनी.

दादानं ते पत्र ट्रेमध्ये ठेवलं नव्हतं. माझ्या हातात दिलं होतं. आवकच्या टेबलावर मीच होते. मी शिक्का मारला, नोंद केली, पत्र आत नेऊन ठेवलं. पूल पडला त्या दुपारी साहेबांनी मला बोलावलं. नोंदवहीचं ते पान फाडायला लावलं आणि नवीन पानावर बेचाळीस नोंदी पुन्हा लिहायला लावल्या, दादाची सोडून. मी दोन-तीन पेनं बदलून लिहिल्या, म्हणजे एका दिवसात लिहिल्यासारख्या दिसू नयेत. एवढी अक्कल मला सांगावी लागली नाही, माझी मलाच सुचली. माझी नोकरी कच्ची होती, आईचं ऑपरेशन ठरलं होतं. ही कारणं झाली. सबब म्हणून सांगत नाही.

चौकशीत दादाला विचारलं, पत्र कुणाकडे दिलं? तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "ट्रेमध्ये ठेवलं." मी समोरच बसले होते. त्यानंतर दोन वर्षं मी तुमच्याकडे येत राहिले आणि तो नेहमीसारखा 'ये छोटे' म्हणत राहिला. चिडला असता तर बरं झालं असतं.

पत्र जाळायला सांगितलं होतं, ते मात्र मी जाळलं नाही. का, ते मलाही सांगता येणार नाही. धैर्य होतं असं म्हणू नका. धैर्य असतं तर ते सात वर्षं माझ्या पेटीत साड्यांच्या तळाशी राहिलं नसतं.

मूळ पत्र सोबत पाठवतेय, शिक्क्यासकट. तुम्हाला हवं ते करा. माझंही.

छोटी


२० फेब्रुवारी

तुमचं पत्र आणि सोबतचा कागद मिळाला.

सात वर्षं मी एका माणसावर दात धरून होते. आता दोघांवर आहे. तिसऱ्यावर धरावा, तर तो भिंतीवर हार घातलेल्या फोटोत आहे. ह्यांनी बहिणीला वाचवलं आणि बायकोला नुसतं 'ट्रे' सांगितलं. एका ताटात जेवत होतो आम्ही. असो. त्यांचा हिशेब त्यांच्यापाशी.

त्या दिवशी आत काय झालं, ते आता सांगते. मी त्याला म्हटलं, "पत्र माझ्याकडे आहे. मला तुमची खुर्ची नको. शेवटच्या सभेत ते पत्र तुम्ही स्वतः वाचा, चूक माझी होती म्हणा आणि नव्या पुलाला माझ्या नवऱ्याचं नाव द्या. बाकी तुम्ही निवडून या, पूल बांधा, वाटेल ते करा." त्यावर तो आधी हसला. मग म्हणाला, "बाई, लोक माझं ऐकतात ते मी कधी चुकत नाही म्हणून. आणि पुलाला दुसऱ्याचं नाव? त्यापेक्षा पूल नको." थट्टेत म्हणाला, असं मला वाटलं.

आता पत्र खरंच हातात आहे. म्हणून एक संधी आणखी देते. त्याला नाही, पुलाला. तुमचं ते नऊ खांबांचं पुराण मी विसरलेले नाही. आणि खरं सांगायचं तर त्याला खुर्चीवरून ओढण्यापेक्षा त्याच्याच तोंडून ह्यांचं नाव वदवून घेण्यात मला जास्त गोडी आहे. रोज त्या पुलावरून जाताना त्याला ते वाचावं लागेल. पडलेला माणूस चार दिवसांत उठून बसतो. हे त्याला मरेपर्यंत पुरेल.

मूळ पत्र परत पाठवतेय, नक्कल मी ठेवलीय. तुम्ही माझी अट त्याच्यासमोर उभं राहून, मोठ्यानं वाचायची. त्या कापलेल्या खुर्चीत बसायचं नाही. आणि पत्र जाळलं नव्हतं, हेही तुमच्याच तोंडानं सांगायचं. मला तुमच्याकडून दुसरं काही नको.


४ मार्च

वहिनी,

तुमचं 'तुम्ही' वाचलं. बरोबर आहे.

काल सकाळी वाचलं, उभं राहून. पत्र जाळलं नव्हतं असं मी म्हणाले, तेव्हा त्यानं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. इतकी वर्षं मी त्याच्या लेखी घंटी वाजवली की येणारा आवाज होते. मग उठून खिडकीपाशी गेला. तिथून पुलाचं काम दिसतं.

"लोकांना काय हवंय, बाई? पूल, की तुमच्या भावाचं नाव?"

"दोन्ही मिळतंय, साहेब. तुम्ही हो म्हटलंत तर."

"आणि मला काय?"

"पुन्हा पाच वर्षं."

मला खरंच वाटलं, वहिनी, की तो हो म्हणेल. हा माणूस व्यवहारी आहे, कामाचा आहे, एवढा एक विश्वास मी सात वर्षं जपला होता. त्याच्याखाली मी माझं पाप झाकलं होतं. आपण वाईट केलं, पण एका कर्तबगार माणसासाठी केलं, असं.

त्यानं फोन उचलला आणि ठेकेदाराला सांगितलं, "क्रेन काढा. आजच. निवडणूक होईपर्यंत काम बंद. मी नसलो की काय होतं, ते लोकांना कळू दे." मग मला म्हणाला, "त्या बाईला सांगा, मी पडलो तर तिनं पोहत यावं."

क्रेन दुपारी गेली. दोन खांबांच्या नुसत्या सळया वर आलेल्या आहेत. शंभर-एक मजूर सामान बांधून चालते झाले आणि हा खिडकीत उभा राहून बघत होता. त्याला वाईट वाटत नव्हतं. आपला शब्द किती चालतो, ते बघत होता.

२९ तारखेला त्याची शेवटची सभा आहे. मी उठून बोलणार आहे. स्वतः अडकायच्या भीतीनं मी गप्पच राहीन, असं तो धरून चाललाय. नोकरी जाईल, पोलीसही येतील. पान मीच बदललंय, त्यामुळे सुटका नाही आणि नकोही. तुम्ही याल?

छोटी


११ मार्च

येऊ शकत नाही. दुसरी नर्स रजेवर आहे, दवाखान्यात मी एकटी.

पण मला सगळं कळवायचं. त्याचं तोंड कसं झालं, ते आधी.


३१ मार्च

वहिनी,

तोंड आधी सांगते. मला वाटलं होतं पांढरं पडेल, घाम फुटेल. तसं काही झालं नाही. मी वाचत होते तेव्हा तो माझ्याकडे बघतच नव्हता. लोकांकडे बघत होता. एकेका चेहऱ्यावर थांबत, पुढे सरकत, कुणीतरी अजून टाळी वाजवेल म्हणून. कुणी वाजवली नाही. शेवटी त्यानं स्वतःचीच कॉलर नीट केली.

आता पहिल्यापासून. मैदान भरलं होतं. तो नेहमीच्या वळणावर आला. तुम्ही ऐकलं नसेल, दर सभेत हे वाक्य असतं. "त्या इंजिनिअरनं मला एक ओळ जरी लिहून दिली असती, तर मी स्वतः पुलावर आडवा पडलो असतो!"

मी उठले. पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

"दिली होती, साहेब. अकरा ओळी."

"बसा खाली, बाई. तब्येत बरी नाही त्यांची."

"शिक्का माझा आहे. नोंद मी केली होती, आणि तुमच्या सांगण्यावरून गाळली ती पण मीच."

कुणीतरी माझ्या हातातला कागद ओढायला आलं. मागून एक म्हातारी ओरडली, "हात लावशील तर बघ! वाच गं तू. मोठ्यानं वाच, मला कमी ऐकू येतं." तिचा मुलगा त्या पुलावर गेलेल्यांपैकी, हे मला नंतर कळलं. मी वाचलं. अकरा ओळींना किती वेळ लागतो? शेवटी दादाची सही वाचली. ती म्हातारी म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं.

काल मला निलंबित केलं. आज जबाब झाला. सगळं सांगितलं. पेनं बदलली होती तेही. जबाब लिहून घेणाऱ्यानं ते ऐकून मान वर केली आणि परत खाली घातली.

छोटी


१८ सप्टेंबर

छोटे,

सहा महिने तुला लिहिलं नाही. पेन उचललं की 'तू' लिहू की 'तुम्ही', तिथंच अडायचे. आज 'तू' लिहिलंय, कारण जे सांगायचंय ते परक्या माणसाला सांगता येणार नाही.

तो पडला, हे तुला माहीतच आहे. निकाल लागला त्या दिवशी मी दवाखान्याचं दार लावून घेतलं आणि पोटभर हसले. खूप वर्षांनी. नगरपालिकेच्या नव्या सभेनं पुलाला ह्यांचं नाव द्यायचा ठराव एकमतानं केला, त्याची नक्कल गुरुजींनी सुंदर अक्षरात पाठवली. नाव आहे, पूल नाही. ठेकेदार येत नाही, परवानगीची मुदत संपली, आणि गुरुजी मंत्र्यांच्या दारात गेले, तेव्हा मंत्री म्हणाले, उद्या या. गुरुजी 'बरं' म्हणून परत आले. अशा पाच उद्या झाल्या.

परवा गुरुजी स्वतः नावेतून आले. पेशंटच्या बाकावर बसले, टोपी मांडीवर ठेवली.

म्हणाले, "मला काम जमत नाही, बाई. हे मला स्वतःला कळतं. माजी नगराध्यक्ष मात्र तयार आहेत. ठेकेदार आणतो, सही आणतो, वर्षात पूल उभा करतो म्हणतात. पद नको म्हणतात."

"मग काय हवं?"

गुरुजींनी मांडीवरची टोपी फिरवली. "पुलाला त्यांचं नाव. तुम्ही लिहून दिलंत, की तुमची हरकत नाही, तर ठराव बदलता येईल. नावात काय आहे, बाई? माणसं पलीकडे गेल्याशी मतलब."

मी म्हटलं, "कुणाचंच नाव नको. नुसता पूल बांधा म्हणावं."

"विचारलं. नाही म्हणाले."

"मग मीही नाही म्हणते."

गुरुजी भांडले नाहीत. त्यांना भांडता येत नाही. हात जोडून नावेत जाऊन बसले.

त्यांची नाव पलीकडे लागेपर्यंत मी दारात उभी होते. छोटे, मी चुकले असं मला वाटत नाही. ह्यांना मारणाऱ्याचं नाव माझ्या सहीनं दगडावर कोरायचं? हात गळून पडला तरी नाही. पुन्हा विचारलं तरी हेच सांगेन. पण हे सांगताना माझी मान जशी ताठ झाली, ती मला ओळखीची वाटली. कुणाची, ते तुला लिहायला नको.

तुझी खोली सुटल्याचं कळलं. खटला उभा राहीपर्यंत इथं ये. दवाखान्यात केसपेपर लिहायला माणूस हवंय. माफ केलं म्हणून बोलावत नाही. अजून केलेलं नाही, आणि होईल असंही नाही. पण ह्यांनी तुला 'ये छोटे' म्हणणं सोडलं नव्हतं, तर मी कोण?

काल एका मुलीला नावेतून नेलं. पहिलटकरीण, एकोणीस वर्षांची. पाण्याला ओढ होती. त्या दोन खांबांच्या सळयांना वळसा घालून जावं लागतं, तिथं तिला जोराची कळ आली आणि तिनं माझं मनगट असं धरलं की अजून निळं आहे. पोचलो. दोघं बरी आहेत. तिची आई नावेच्या टोकाला बसली होती, सगळा वेळ त्या सळयांकडे बघत. उतरताना मला म्हणाली, "बाई, हा पूल कधी होणार हो?"

मी म्हटलं, "होईल."

ती बिचारी मान डोलावून लेकीच्या मागे गेली. आपण कुणाला विचारलं, हे तिला कुठं माहीत होतं!

वहिनी